एका घरातील दोन नोंदी: दहावीतील बहीण आणि नववीतील भाऊ

या प्रकरणातील कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गाव, शाळा, काही तारखा आणि घरातील काही तपशील बदलले आहेत. शालेय समुपदेशिकेने ठेवलेल्या नोंदी आणि नंतर झालेल्या आढाव्यातील चर्चा यांच्या आधारे हे लेखन केले आहे.

पार्श्वभूमी

डिचोली तालुक्यातील एका गावात आई, वडील, आजी आणि दोन मुले असे हे घर. मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत. मुलगा चौदा वर्षांचा, त्याच अनुदानित विद्यालयात नववीत. घरात कोंकणी बोलली जाते. दोघांचे प्राथमिक शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि पाचवीपासून ती इंग्रजी माध्यमात आली. गोव्याच्या ग्रामीण भागात ही सर्वसाधारण रीत आहे, आणि पुढे घडलेल्या एका गोष्टीत ती महत्त्वाची ठरली.

वडिलांचा खनिज वाहतुकीचा ट्रक होता. खाणीवरून जेटीपर्यंत माल न्यायचा, तिथून तो बार्जने मुरगाव बंदराकडे जायचा, हा त्यांचा अनेक वर्षांचा दिनक्रम होता. २०१२ साली खाणी पहिल्यांदा बंद झाल्या. त्या पुन्हा सुरू झाल्यावर त्यांनी कर्ज काढून दुसरा ट्रक घेतला. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, मार्चच्या मध्यापासून उत्खनन थांबले आणि ट्रक दारात उभा राहिला. पुढे तो मिळेल त्या किमतीला विकला गेला, परंतु कर्ज फेडण्यासाठी पतसंस्थेकडून घेतलेले दुसरे कर्ज तसेच राहिले. आई काजू कारखान्यात जाऊ लागली. हे प्रकरण घडले त्या वर्षीच्या मे महिन्यात पतसंस्थेचा वसुली कर्मचारी घरी आला, त्या रात्री आईवडिलांचे मोठे भांडण झाले आणि जूनच्या आरंभी वडील वास्कोला एका कंत्राटदाराकडे गाडी चालवण्यासाठी निघून गेले. गावात ‘कामाला गेले’ एवढेच सांगितले गेले. घरातही त्यापलीकडे कोणी काही बोलले नाही.

समस्या

जुलैमध्ये मुलीच्या वर्गशिक्षिकेने तिला समुपदेशिकेकडे पाठवले. वर्गात रडू येणे, वारंवार डोके दुखणे, पहिल्या चाचणीत गुण घसरणे आणि रात्री उशिरापर्यंत मैत्रिणीशी फोनवर बोलत राहणे ही कारणे पाठवणीच्या अर्जावर लिहिलेली होती, घरातील बदलाचाही उल्लेख होता. समुपदेशिकेने पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरून घेतली. नऊ प्रश्नांच्या या प्रश्नावलीत ० ते २७ गुण असतात आणि १० ते १४ गुण मध्यम स्वरूपाच्या नैराश्याच्या लक्षणांकडे निर्देश करतात. मुलीचे गुण १३ आले. जिवाचे बरेवाईट करण्याच्या विचारांविषयीच्या नवव्या प्रश्नाला तिने नकार दिला आणि तोंडी विचारल्यावरही तिचे उत्तर तेच होते.

त्याच महिन्यात मुलाचे नाव दुसऱ्या एका वहीत चढले. तो दोनदा मधल्या सुट्टीनंतर वर्गात परतला नाही, आणि फुटबॉल खेळताना त्याने एका मुलाला खाली पाडून मारले. मुख्याध्यापकांनी आईला बोलावून घेतले आणि ‘पुन्हा असे करणार नाही’ अशी लेखी हमी मुलाकडून घेतली. शिस्तीच्या वहीत दोन नोंदी झाल्या. त्या वहीतील नावे समुपदेशिकेपर्यंत जाण्याची व्यवस्था शाळेत नव्हती. समुपदेशिकेकडे एकाहून अधिक शाळा होत्या आणि या शाळेत ती आठवड्यातून दोन दिवस येत असे, त्यामुळे शिक्षकांनी पाठवले तेवढेच विद्यार्थी तिच्यासमोर येत.

अशा रीतीने एकाच घरातील, एकाच प्रसंगाला तोंड देणारी दोन मुले शाळेच्या दोन वेगळ्या कागदांवर गेली. बहिणीच्या कागदावर दुःख लिहिलेले होते आणि भावाच्या कागदावर वर्तन. शाळेतील कोणीही त्या महिन्यात ते दोन कागद शेजारी ठेवून पाहिले नाहीत.

मुलगी कसा विचार करत होती

मुलीने पहिल्या भेटीत आपली वही दाखवली. मराठीत लिहिलेल्या त्या वहीत पानेच्या पाने एकाच प्रश्नाभोवती फिरत होती: बाबा का गेले, मी क्लासची फी मागितली म्हणून तर नव्हे ना, मी जास्त हुशार असते तर ते राहिले असते का. रोज रात्री मैत्रिणीशी होणाऱ्या संभाषणातही हाच विषय असे. मैत्रिणीच्या घरी स्वतःच्या अडचणी होत्या, त्यामुळे एकीचे संपले की दुसरीचे सुरू होई.

ही विचारपद्धती संशोधनात चांगली परिचित आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होक्सेमा यांनी १९९१ साली असे मांडले की मन खिन्न झाल्यावर काही माणसे त्या खिन्नतेची कारणे आणि परिणाम पुन्हा पुन्हा उगाळत राहतात, तर काही माणसे लक्ष दुसरीकडे वळवतात, आणि उगाळणाऱ्यांची खिन्नता अधिक काळ टिकते. त्यांच्याकडे एक योगायोगाने हाती आलेला पुरावाही होता. स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या विचारसवयींची मोजणी त्यांनी केली आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, त्या परिसरात मोठा भूकंप झाला. भूकंपाआधीच ज्यांना उगाळण्याची सवय होती, त्यांच्यात सात आठवड्यांनंतर नैराश्याची लक्षणे अधिक आढळली. स्त्रियांमध्ये आणि मुलींमध्ये ही सवय सरासरीने अधिक दिसते, आणि नैराश्यातील लिंगभेदाचे एक कारण त्यात असावे, असे नोलन-होक्सेमा यांचे म्हणणे होते. बालपणी मुलगे आणि मुली यांच्यातील नैराश्याचे प्रमाण जवळपास सारखे असते, बाराव्या वर्षाच्या सुमारास ते वेगळे होऊ लागते आणि तेरा ते पंधरा या वयात ही तफावत सर्वांत मोठी असते. या प्रकरणातील दोन्ही मुले नेमकी या वयातील होती.

मैत्रिणीबरोबरच्या संभाषणालाही अभ्यासाचा आधार आहे. मिझुरी विद्यापीठातील अमांडा रोझ यांनी २००२ साली जोडीने उगाळण्याचे वर्णन केले: दोन मैत्रिणी एकच अडचण सविस्तर, वारंवार, तिच्या नकारात्मक बाजूंवर भर देत बोलत राहतात. त्याने मैत्री घट्ट होते, हा त्यातला खरा लाभ आहे. परंतु २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासात असे दिसले की मुलींमध्ये त्याबरोबर नैराश्याची आणि चिंतेची लक्षणेही वाढतात. मुलग्यांमध्ये मैत्री घट्ट झाली, लक्षणे मात्र वाढली नाहीत.

मुलीबाबतचे पर्याय

पहिला पर्याय बांबोळीच्या मनोरुग्णालयात, म्हणजे ज्याला सगळे आयपीएचबी म्हणतात तिथे, तपासणीसाठी पाठवण्याचा होता. आईने तो ऐकताच हात जोडले. ‘टीचर, तिथे गेल्याचे गावात कळले तर पोरीचे नाव खराब होईल,’ असे ती म्हणाली. धोक्याचा विचार नव्हता आणि गुण मध्यम पातळीवर होते, त्यामुळे समुपदेशिकेने आग्रह धरला नाही. चार आठवड्यांत गुण उतरले नाहीत तर हा विषय पुन्हा काढू, असे मात्र तिने आईकडून स्पष्ट कबूल करून घेतले.

दुसरा पर्याय वर्गशिक्षिकेने सुचवला: दोघी मैत्रिणींना वेगळ्या बाकांवर बसवावे आणि आईने फोन काढून घ्यावा. शाळांमध्ये हा उपाय फार लवकर सुचतो. रोझ यांचे निष्कर्ष अर्धेच वाचले तर तो शास्त्रीयही वाटेल. परंतु वडील नुकतेच घर सोडून गेलेल्या मुलीची सर्वांत जवळची मैत्रीण तोडणे म्हणजे तिच्या हातातील एकमेव आधार काढून घेणे होते. समुपदेशिकेने हा पर्याय नाकारला आणि माझ्या मते तो या प्रकरणातील सर्वांत योग्य निर्णय होता.

तिसरा पर्याय मन मोकळे करू देण्याचा. पहिल्या काही भेटी तशाच झाल्या. मुलगी बोलत असे, रडत असे, ‘इथे हलके वाटते’ म्हणत असे, आणि पुढच्या भेटीत सांगत असे की संध्याकाळपर्यंत पुन्हा तेच डोक्यात सुरू झाले. इथे पहिला खरा निर्णय घ्यावा लागला. ऐकत राहणे सोपे होते, मुलीलाही तेच हवे होते. पण खोलीत जे चालले होते ते वहीतील आणि फोनवरील क्रियेचेच तिसरे रूप होते, फक्त समोर मैत्रिणीऐवजी समुपदेशिका होती.

त्यानंतर भेटींचे स्वरूप बदलले. ‘का’ या प्रश्नाने सुरू होणारा विचार आला की तो ‘कधी, कुठे, काय, पुढे काय’ अशा ठोस प्रश्नांत उतरवायचा, असे ठरले. ‘बाबा का गेले’ याऐवजी ‘बाबांशी मी शेवटचे कधी बोलले, पुन्हा बोलायचे असेल तर कोणत्या दिवशी फोन करू, काय विचारू’. संध्याकाळी वीस मिनिटे चिंतेसाठी राखून ठेवली, आणि इतर वेळी विचार आला तर तो एका ओळीत लिहून त्या वेळेपर्यंत ढकलायचा. मैत्रिणीलाही एका भेटीला बोलावले. दोघींनीच नियम केला की फोनवर आधी अडचण, घड्याळ लावून, आणि मग गणित. बोलणे बंद करायचे नाही, त्याला दार ठेवायचे, असा त्याचा हेतू होता.

याच्या जोडीला, मनःस्थिती सुधारण्याची वाट न पाहता आधी कृती सुरू करण्याचा भाग होता. या पद्धतीचा गोव्याशी जवळचा संबंध आहे. १९९६ पासून इथे काम करणाऱ्या ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या परंतु प्रशिक्षित समुपदेशकांकडून, सहा ते आठ भेटींचा असा उपचार प्रौढांना देऊन त्याची चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष २०१७ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या मुलीने जून महिन्यात देवळातील भजनाला जाणे सोडले होते. ती पुन्हा पेटीवर बसू लागली. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी गावातील मुलींची फुगडीची तालीम सुरू झाली, तिथेही ती गेली, पहिल्या दिवशी केवळ बसून राहिली, दुसऱ्या आठवड्यात नाचली.

भावाचा विषय कसा निघाला

चवथीच्या सुट्टीनंतरच्या भेटीत माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर बांधायची रानफळांची आणि वेलींची चौकट, बांधण्याविषयी बोलणे निघाले. दरवर्षी रानातून माटोळीचे सामान वडील आणि मुलगा आणत. त्या वर्षी वडील दीड दिवसासाठी आले, मुलगा मात्र रानात गेलाच नाही. ‘त्याला कशाचेच काही वाटत नाही, टीचर. दिवसभर मोबाइलवर गेम, आणि रात्री बघावे तर जागाच,’ असे मुलगी सहज बोलून गेली.

समुपदेशिका तिथे थांबली. काहीच न वाटणारा मुलगा रात्री जागा का असतो, हा प्रश्न तिने नोंदवहीत लिहिला. त्याच दिवशी तिने मुख्याध्यापकांकडे शिस्तीची वही मागितली आणि तिथे त्याच आडनावाच्या दोन नोंदी सापडल्या.

मुलाबाबतचे पर्याय आणि दुसरा निर्णय

मुख्याध्यापकांचे मत सरळ होते. ते माणूस म्हणून कठोर नाहीत. परंतु पुन्हा मारामारी झाली तर काही दिवस शाळेबाहेर ठेवावे लागेल, इतर पालकांना काय उत्तर द्यायचे, असे त्यांचे म्हणणे होते. समुपदेशिकेकडे पाठवायला त्यांची हरकत नव्हती, मात्र ती भेट शिक्षेचाच एक भाग म्हणून, लेखी हमीच्या कागदावर नोंदवून व्हावी, असे त्यांना वाटत होते.

समुपदेशिकेने ही अट मान्य केली नाही. शारीरिक शिक्षणाच्या सरांना मुलगा मानत असे, म्हणून तिने त्यांच्यामार्फत, खेळाच्या तासानंतर, जाळी गुंडाळण्याच्या कामात त्याला गाठले. पहिल्या भेटीत तिने तीच प्रश्नावली दिली. गुण ४ आले. नवव्या प्रश्नाला ‘कधीच नाही’.

या ठिकाणी प्रकरण बंद होऊ शकले असते. कागद सांगत होता की मुलगा ठीक आहे आणि सर्वसाधारण समजही तेच सांगत होता: मुली आतल्या आत कुढतात, मुलगे खेळात आणि मारामारीत सगळे बाहेर काढून मोकळे होतात. या समजाला वर दिलेल्या संशोधनाचा आधार आहे असे वाटू शकते. वस्तुतः त्या संशोधनात एवढे सांगितलेले नाही. उगाळण्याच्या सवयीतील स्त्री-पुरुष फरक सरासरीचा आहे, आकाराने लहान आहे आणि दोन्ही गटांतील बहुसंख्य व्यक्ती एकाच पट्ट्यात येतात. अशा फरकावरून समोर बसलेल्या एका मुलाविषयी काहीच ठरवता येत नाही. शिवाय मुलांच्या आणि किशोरांच्या बाबतीत केवळ उदासी नव्हे तर चिडचिड हेही नैराश्याचे मुख्य लक्षण धरले जाते, हे निदानाच्या नियमावलीतच स्पष्ट लिहिलेले आहे. शिस्तीच्या वहीत चिडचिडीची नोंद होते, तिला नाव मात्र वेगळे दिले जाते.

समुपदेशिकेने गुणांवर विसंबण्याऐवजी दिनक्रम विचारायचे ठरवले. झोप किती वाजता लागते, गेम थांबवल्यावर काय होते, जेवण किती, कोणत्या आवाजाने राग येतो. हे सगळे प्रश्न तिने कोंकणीत विचारले, कारण प्रश्नावली मराठीत वाचताना मुलगा परीक्षेला बसल्यासारखा वागला होता. ‘लाजू नकोस, बोल’ असे ती म्हणाली नाही. रोझ यांच्याच २०१२ मधील एका मोठ्या अभ्यासात असे दिसले होते की अडचणींविषयी बोलायची मुलग्यांना मुलींहून अधिक लाज वाटते असे नाही. त्यांना ते विचित्र आणि वेळ वाया घालवणारे वाटते. म्हणून बोलण्यातून काहीतरी निष्पन्न होईल, हे दाखवणे गरजेचे होते.

तिसऱ्या भेटीत मुलाने विचारले, ‘टीचर, पतसंस्थेचे पत्र दिले नाही तर पोलीस येतात?’

हळूहळू सगळे बाहेर आले. मे महिन्यात पोस्टमनने पतसंस्थेचे एक साधे पत्र त्याच्या हातात दिले होते. ते इंग्रजीत होते आणि घरात थोडेफार इंग्रजी वाचणारी दोनच माणसे, ती दोन मुले. ‘कायदेशीर कारवाई’ एवढे त्याला समजले. त्या दिवशी घरात भांडण नको म्हणून त्याने ते जुन्या पुस्तकांच्या पेटीत लपवले. आठ दिवसांनी वसुली कर्मचारी आला, भांडण झाले, वडील गेले. तेव्हापासून तो रोज रात्री तोच हिशेब करत होता: पत्र दिले असते तर बाबा वेळेवर पैसे भरायला गेले असते, तर माणूस आला नसता, तर ते घरी असते. गेम हा त्या हिशेबातून काही तास सुटण्याचा मार्ग होता. फोन बाजूला ठेवला की हिशेब पुन्हा सुरू होई. बहीण वहीत आणि मैत्रिणीशी जे करत होती तेच हा मुलगा अंधारात, कोणालाही न सांगता करत होता, आणि त्याच्याकडे ते मोडून काढणारे कोणी नव्हते.

समुपदेशिकेने मग धोक्याविषयी थेट विचारले. असे विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. मुलाने सांगितले की आपण नसतो तर घरातला एक खर्च कमी झाला असता असे त्याला रात्री वाटते. काही करण्याचा बेत नव्हता, पूर्वी काही केलेलेही नव्हते.

केलेली कार्यवाही

त्याच दुपारी आईला बोलावण्यात आले. गोपनीयतेची मर्यादा, म्हणजे जिवाला धोका असेल तर पालकांना सांगावे लागेल, हे पहिल्याच भेटीत मुलाला सांगितलेले होते. तरीही पत्राची गोष्ट आईसमोर आली तेव्हा तो समुपदेशिकेकडे पाहायलाही तयार नव्हता. पुढचे दोन आठवडे तो तिच्याशी केवळ होय-नाहीपुरता बोलला.

सुरक्षिततेची योजना मुलासह लिहून काढली: रात्री विचार वाढले तर कोणाला उठवायचे (त्याने आजीचे नाव दिले), कोणाला फोन करायचा, आणि ‘टेली-मानस’चा १४४१६ हा चोवीस तास चालणारा, केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेला मानसिक आरोग्यासाठीचा निःशुल्क मदत क्रमांक. त्याच आठवड्यात आई मुलाला घेऊन बांबोळीला गेली. मुलीच्या वेळी हात जोडणारी आई या वेळी काहीच बोलली नाही. डॉक्टरांनी मध्यम तीव्रतेच्या नैराश्याचे निदान केले, औषध लगेच सुरू न करता मानसोपचाराच्या भेटी आणि दोन आठवड्यांनी फेरतपासणी ठरवली.

मुलाला सर्वाधिक उपयोग कशाचा झाला याविषयी आढाव्यात मतभेद होते. माझ्या दृष्टीने तो शाळेच्या कार्यालयात झालेल्या एका बैठकीचा. वडील वास्कोहून आले. पत्र टेबलावर ठेवले. वडिलांनी ते वाचलेही नाही. त्याआधी तशी तीन पत्रे आली होती आणि ती त्यांनी स्वतःच कपाटाच्या वर टाकली होती, हप्ते थकल्याचे त्यांना वर्षभर माहीत होते, हे त्यांनी मुलाला सांगितले. मुलाच्या रात्रीच्या हिशेबातील पहिलीच पायरी खोटी निघाली. हप्ते नव्याने बांधून घेण्यासाठी पतसंस्थेत अर्ज करायचा ठरला, आणि अर्जासोबतच्या कागदांची यादी मुलाने लिहिली. ‘काय करायचे’ याचे उत्तर त्याच्या हाती देणे हा त्यामागील हेतू होता.

परिणाम

जानेवारीपर्यंत मुलीचे गुण ६ वर आले. तिने मंडळाची परीक्षा दिली, प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाली आणि उच्च माध्यमिकला वाणिज्य शाखेत गेली. वही लिहिणे तिने सोडले नाही; पाने कमी झाली. मैत्रिणीबाबत मात्र गोष्ट अर्धवट राहिली. घड्याळ लावून बोलण्याच्या नियमाने या मुलीला मदत झाली, पण मैत्रिणीला आपले ऐकणारे माणूस कमी झाल्यासारखे वाटले असावे. डिसेंबरमध्ये ती दुरावली. तिच्या स्वतःच्या घरातील अडचणींची दखल तोवर कोणी घेतलेली नव्हती.

मुलाची प्रगती सलग झाली नाही. बांबोळीला जाण्यासाठी आधी पणजी आणि तिथून पुढे अशा दोन बस, आईचा पूर्ण दिवसाचा रोज बुडणे, आणि मुलाचे ‘मी ठीक आहे’ हे तिन्ही एकत्र आल्यामुळे नोव्हेंबरमधील दोन भेटी चुकल्या. त्याच महिन्यात पुन्हा एक मारामारी झाली. या वेळी मुख्याध्यापकांनी शाळेबाहेर ठेवले नाही, शारीरिक शिक्षणाच्या सरांसह समुपदेशिकेची भेट घडवली. उरलेल्या भेटी त्याने पूर्ण केल्या, झोप सुधारली, नसण्याचे विचार डिसेंबरनंतर आले नाहीत असे त्याने आणि आजीने स्वतंत्रपणे सांगितले. नववीत दोन विषय राहिले, ते त्याने पुरवणी परीक्षेत सोडवले. वडील अजूनही वास्कोलाच असतात, रविवारी घरी येतात.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत पहिली गोष्ट जुलैमधील आहे. मुलीच्या अर्जावर घरातील बदलाचा उल्लेख होता. घर बदलले म्हणजे घरातील प्रत्येक मुलाचे काय चालले आहे हे विचारणे पहिल्याच भेटीत शक्य होते. ते सप्टेंबरमध्ये विचारले गेले, तेही मुलीच्या एका वाक्यामुळे. या शाळेने पाठवणीच्या अर्जात ‘याच शाळेतील भावंडे’ असा रकाना आता घातला आहे. शिस्तीची वही समुपदेशिकेने दर आठवड्याला पाहावी असेही ठरले. माझ्या अंदाजाने दुसऱ्या उपायाचा उपयोग अधिक होईल, कारण भावंडे नसलेला मुलगाही त्या वहीत असू शकतो.

प्रश्नावलीविषयी थोडे थांबून बोलायला हवे. मुलीच्या बाबतीत १३ गुणांनी काम सुरू झाले आणि मुलाच्या बाबतीत ४ गुणांनी ते थांबण्याच्या बेतात होते. साधन सारखे, विचारण्याची परिस्थिती वेगळी: ती शिक्षिकेने काळजीने पाठवलेली होती, तो हमीच्या कागदावर सही करून आलेला होता. ज्याच्या नावावर शिस्तभंगाची नोंद आहे त्याने शाळेतील मोठ्या माणसाला ‘मला काही झालेले नाही’ असे लिहून देणे यात नवल नाही. अशा मुलाच्या बाबतीत पहिल्या भेटीत प्रश्नावली न देणे, किंवा दिली तर तिचे गुण निर्णयासाठी न वापरणे, हे अधिक उचित ठरले असते.

पत्राची गोष्ट आईला कोणी सांगायची, हा मुद्दा वादाचा राहिला. धोक्याची माहिती त्याच दिवशी देणे अनिवार्य होते आणि त्याविषयी दुमत नाही. पत्र मात्र धोक्याचा भाग नव्हते. ते एक-दोन दिवसांनी, समुपदेशिकेच्या उपस्थितीत, मुलाने स्वतः सांगितले असते तर दोन आठवड्यांचा अबोला कदाचित टळला असता. दुसऱ्या बाजूने असेही म्हटले गेले की पत्र न सांगता आईला मुलाचा धोका समजलाच नसता आणि ती बांबोळीला गेली नसती. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. आढाव्यात यावर एकमत झाले नाही.

मुलीच्या पहिल्या, केवळ ऐकण्याच्या भेटी वाया गेल्या असे काहींचे मत पडले. ते मला पटत नाही. त्या भेटींशिवाय तिने वही दाखवली नसती, आणि वही पाहिली नसती तर कोणती सवय मोडायची हेच कळले नसते. त्या किती चालू द्यायच्या, हा खरा प्रश्न आहे, आणि संध्याकाळी पुन्हा तेच सुरू होते हे मुलीने पहिल्यांदा सांगितले तेव्हाच तो विचारायला हवा होता.

एक विसंगती या प्रकरणापलीकडची आहे. ‘संगाथ’ने गोव्यात तपासलेल्या त्या प्रौढांच्या उपचारांत नैराश्याच्या उपचारातील बहुसंख्य सहभागी स्त्रिया होत्या, आणि त्याच्याच जोडीने झालेली घातक मद्यपानावरील उपचाराची चाचणी केवळ पुरुषांवर होती. प्रौढ वयात दिसणारी ही विभागणी किती अंशी स्वभावाची आणि किती अंशी कोणाला कोणत्या दारातून आत घेतले याची, हे या एका घरावरून सांगता येणार नाही. परंतु नववीतील मुलगा शिस्तीच्या वहीत आणि दहावीतील बहीण समुपदेशिकेच्या वहीत, ही तिची सुरुवात असू शकते, एवढे म्हणायला हे प्रकरण पुरेसे आहे.

मुलाने जुलैमध्ये दिलेली लेखी हमी अजून त्याच्या फायलीत आहे. ती काढून टाकावी अशी विनंती समुपदेशिकेने केली. कागद नष्ट करता येत नाही, असे मुख्याध्यापकांनी उत्तर दिले. तिला जोडून उपचार पूर्ण झाल्याचा एक कागद लावावा की त्यामुळे मुलाचा आजार दहावीच्या नव्या वर्गशिक्षकांसमोर विनाकारण उघड होईल, यावर अद्याप निर्णय झालेला नाही, आणि मुलाला काय वाटते हे विचारण्याची जबाबदारी शारीरिक शिक्षणाच्या सरांवर सोपवली आहे.